खारवट वाफ्यातली तीन रोपं

सन्माननीय अध्यक्ष बाबारावजी, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर मनोहरराव आणि भात संशोधन केंद्रातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनो,

बियाण्यांच्या कपाटाच्या किल्ल्या मी एकवीस वर्षं सांभाळल्या. त्याबद्दल बोलायला मला दोन मिनिटं मिळाली आहेत. आभारी आहे.

निरोप घेणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी खारवट जमिनीत तग धरणारं भाताचं वाण दिलं, असं आत्ता तीन वक्त्यांनी सांगितलं. ते कसं दिलं, हे कोणीच का सांगत नाही?

एकोणसत्तर साली खारवट वाफ्यातली रोपं पिवळी पडू लागली. पडायलाच हवी होती. कोणती टिकतात तेच बघायचं होतं. पण दिल्लीचे पाहुणे यायचे होते. साहेबांनी वाफ्यात खारटपणा मारणारं जिप्सम टाकायला लावलं, चार दिवस गोडं पाणी सोडलं. सगळं हिरवंगार. पाहुणे खूश, प्रयोग संपला.

रोजंदारीवरच्या भीमाबाईंनी मात्र त्याआधीच हिरव्या राहिलेल्या तीन रोपांना लुगड्याची चिंधी बांधून ठेवली होती. कापणीला त्यांच्या लोंब्या त्यांनी वेगळ्या काढल्या. फाटकावरच्या झडतीत त्यांच्याकडे ती पुरचुंडी सापडली. चोरी. चौकशीत त्या म्हणाल्या, "सायबाले हिरवं पाह्यचं होतं. मले जितं पाह्यचं होतं." दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं.

जप्त केलेली ती पुरचुंडी माझ्या कपाटात आली. पुढच्या हंगामात मी तेच बी पेरायला दिलं. आज ज्यासाठी सत्कार चालू आहे, ते वाण त्यातलंच. खोटं असेल तर डॉक्टरसाहेब, आत्ता सांगा.

नाही ना?

टाळ्या नकोत. चोरीच्या त्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. खरं बोलावं, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला अकरा वर्षं शिकवलं. नोकरीने ते एका सकाळीत विसरायला लावलं.

आज इथे येण्याआधी मी भीमाबाईंच्या घरी क्षमा मागायला गेले होते. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चोर कागदावर केलं ना बाई? मंग माफी घरात काहून मांगून राहिल्या?"

म्हणून कागद लिहून आणला आहे. भीमाबाईंनी चोरी केली नव्हती, वाण त्यांनी निवडलेल्या रोपांचं आहे, एवढंच त्यात आहे. खाली माझी सही आहे. वर डॉक्टरसाहेबांसाठी जागा ठेवली आहे.

आपण ऐकून घेतलंत, आभार. बोलण्यात कुणाचा अवमान झाला असेल तर माफ करावं. साहेबांची सही होईपर्यंत मी इथेच उभी आहे.