आमच्या घरातला ‘तुम्ही’

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून आलेले माजी न्यायमूर्ती, संस्थेचे सचिव, व्यासपीठावरील इतर मान्यवर, समोर बसलेले माझ्या वडिलांचे वाचक, विद्यार्थी, टीकाकार (हो, टीकाकारही आलेत, मघाशी दारातच भेटले) आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते माझे वडील, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सचिवसाहेबांनी मला विषय दिला आहे, ‘लेखक आणि विचारवंत समाज कसा घडवतात’. वर हळूच असंही सांगितलंय की ताई, घरगुती फार नको, कार्यावर बोला. प्रयत्न करते. पण बाबांचं कार्यच मुळी रोजच्या बोलण्यातल्या एका शब्दाचं होतं, त्याला मी काय करू?

इथल्या तरुण मंडळींना आज खरं वाटणार नाही, पण बाबांची ती पातळशी पुस्तिका आली त्या काळात या शहरात माणसाच्या कपड्यांवरून त्याचं सर्वनाम ठरत असे. इस्त्रीचा सदरा असेल तर ‘तुम्ही’, मळका असेल तर ‘तू’. झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्या बाई ‘तू’, आणि त्यांच्या नातवाच्या वयाचा कारकून मात्र ‘साहेब, तुम्ही’. बाबांनी एवढंच लिहिलं, की ज्याच्याशी बोलाल त्याला ‘तुम्ही’ म्हणा. हमालांना म्हणा, भांडी घासणाऱ्या बाईंना म्हणा, कैद्यांना म्हणा, लहान मुलांनासुद्धा म्हणा. लोक पोट धरून हसले. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, त्यात बाबा मांजराला विचारताहेत, ‘आपण दूध घेणार का?’ ते चित्र बाबांनी कापून स्वयंपाकघरात लावलं होतं. आईला ते फार आवडायचं.

संस्थेच्या गाडीचे ड्रायव्हरकाका तिसऱ्या रांगेत बसलेत. बाबा त्यांना पहिल्यांदा ‘तुम्ही डावीकडे वळा’ म्हणाले, तेव्हा साहेब कुणाशी बोलताहेत हे बघायला काकांनी चालत्या गाडीत मान मागे वळवली. पुन्हा वळवली, तेव्हा आई किंचाळली, ‘अहो, त्यांना तू म्हणा हो, नाहीतर आपण सगळे खांबावर जाऊ!’ काका, हसताय ना? हसा, हसा.

मी एका मोठ्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिथे भिंतीवर पाटी आहे, ‘येथे प्रत्येकाला तुम्ही म्हटले जाते.’ ज्यांनी ती लावली, त्यांना ठाऊकही नाही की ते वाक्य माझ्या वडिलांचं आहे. पूर्वी याच खिडकीवरून ‘ए, मागे हो, कळत नाही का?’ असं ऐकू यायचं. आमच्याकडे तपासून घ्यायला आलेल्या एक आजी एकदा घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. म्हणाल्या, ‘बाई, आत डॉक्टर मला तुम्ही म्हणाले. आजार फार मोठा आहे का हो?’ त्यांना साधा खोकला होता. पण बघा, आयुष्यभर ज्यांना कुणी ‘तुम्ही’ म्हटलं नाही, त्यांना तो शब्द मरणाची वर्दी वाटला. त्यांच्या नातीला असं वाटणार नाही. समाज घडतो म्हणजे दुसरं काय होतं? जिभेवर आधी काय येतं, ते बदलतं. माझ्या बाबांनी ते बदललं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता मात्र घरगुती. सचिवसाहेब, रागावू नका.

बाबांनी मला कधी ‘तू’ म्हटलं नाही. मी पाळण्यात होते तेव्हापासून ‘तुम्ही’. सायकलवरून पडून गुडघा फुटला, की धावत यायचे आणि विचारायचे, ‘तुम्हाला फार लागलं का?’ शेजारच्या मैत्रिणीचे वडील ओरडतच यायचे, ‘अगं वेडे, बघून चालवता येत नाही?’ आणि तिला उचलून खांद्यावर टाकायचे. मला त्या ‘अगं’चा फार हेवा वाटायचा. त्यासाठी मी चारदा मुद्दाम पडले असते.

एकदा हट्टच धरला, ‘बाबा, मला एकदा अगं म्हणा ना.’ त्यांनी चष्मा काढला, मला समोर बसवलं. म्हणाले, ‘तुमचा मान मीच घरात कमी केला, तर बाहेर तो कोण ठेवील?’ आई आतून म्हणाली, ‘अहो, तू म्हणजे काही शिवी नाही.’ बाबा म्हणाले, ‘ज्यांना तो दिवसभर शिवीसारखा ऐकावा लागतो, त्यांना विचारा.’ दोघंही खरं बोलत होते. माझे केस पांढरे झाले, पण मला यात अजून निकाल देता आलेला नाही. न्यायमूर्ती, तुम्ही द्याल का?

त्यामुळे आमच्या घरात ‘तू’ एकच होता, आईचा. ‘अगं ठमे, ऊठ, दूध उतू जातंय.’ आई गेली आणि तो आवाज बंद झाला. मला भावंडं नाहीत, लग्न मी केलं नाही. मग राहिलो आम्ही दोघं, एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणणारे.

निमंत्रणपत्रिकेत छापलंय की वाढत्या वयामुळे बाबा संस्थेच्या कामातून निवृत्त होत आहेत. तसं नाही. बाबा विसरलेत. पुस्तकं विसरले, ही संस्था विसरले, आईला विसरले, आणि मलाही विसरले. तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय, मला ठाऊक आहे. पण त्यांच्या वाचकांशी खोटं बोलून त्यांना निरोप द्यावा, असं मला वाटेना.

डॉक्टरांनी मला विचारलं, ‘वडील तुम्हाला ओळखेनासे झाले, हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?’ इतरांच्या घरी ते कळतं हो. काल ‘अगं, चहा दे’ म्हणणारे वडील आज ‘तुम्ही कोण?’ म्हणतात, आणि घर हादरतं. आमच्याकडे काय बदलणार? ‘तुम्ही चहा घेतलात का?’, ‘तुम्ही दमलेल्या दिसता’, ‘तुम्ही बसा, मी दार लावतो’. हे सगळं ते लेकीलाही म्हणत आणि परक्या बाईलाही. त्या वाक्यांमधून माझे बाबा कधी निघून गेले, मला समजलंच नाही. कोण जाणे किती दिवस मी त्यांना परकी होते, आणि लेक म्हणून घरात वावरत होते.

कळलं ते एका संध्याकाळी. मी त्यांची नखं कापत होते. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही फार मायेनं करता. पण घरी तुमची वाट बघत असतील. या आता.’ मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

उद्या सकाळी बाबा दुसऱ्या गावी, वृद्धांच्या सेवाकेंद्रात राहायला जातील. मला एकटीला जमेनासं झालंय. दार उघडं दिसलं की ते निघतात, आणि रस्त्यात भेटेल त्याला विचारतात, ‘तुम्हाला त्रास नसेल तर मला माझं घर दाखवाल का?’ आणि लोक दाखवतात. हात धरून, ‘तुम्ही’ म्हणत, अदबीनं घेऊन येतात. शहर चांगलं घडवलंत, बाबा.

खरं सांगू? मी आज भाषणाला हो म्हटलं ते एका लोभापायी. वाटलं, इतकी माणसं, हे दिवे, हा मोठा आवाज, यातून त्यांना काहीतरी उमगेल. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला ‘अगं’ म्हणावं. मान मला त्यांनी भरपूर दिला. मला आता त्यांची लेक व्हायचंय.

बाबा, इकडे बघा. मी आहे. ठमी.

थांबा, टाळ्या नकोत. ते काहीतरी म्हणताहेत. सचिवसाहेब, माइक जरा... राहू द्या, मीच त्यांच्यापाशी जाते.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. ते म्हणाले, ‘तुम्ही छान बोललात. तुमच्या वडिलांना सांगा, त्यांना बरं वाटेल.’

सांगते, बाबा.

अध्यक्ष महोदय, संस्थेनं हा समारंभ इतक्या आपुलकीनं केला, आपण सगळे वेळ काढून आलात, मला बोलू दिलंत, मी आपली मनापासून ऋणी आहे. चुकलंमाकलं असेल ते मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आणि आता जे बोलणार आहे, त्याचीही आधीच माफी मागते. बाबांच्या या व्यासपीठावरून तसं कुणी कधी बोललेलं नाही.

चल बाबा. हात दे. पायरी आहे, तू सावकाश उतर.