सिस्टर पद्मजाबाईंना निरोप देण्याआधी

बकुळे, हे भाषण सभेत तूच मोठ्याने वाचायचं. चष्मा घरी विसरली असशीलच. शेजारणीचा घे, पण एकही ओळ गाळू नकोस. पुढे तुझंच नाव आहे.

सन्माननीय अध्यक्ष नाना, व्यासपीठावरच्या सत्कारमूर्ती सिस्टर पद्मजाबाई, महिला मंडळाच्या कार्यकर्त्या आणि आमच्या लालबागच्या चाळीतल्या लेकीसुनांनो,

मी सुंदराबाई. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात नडगी फुटली, म्हणून इस्पितळात पडून आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात कालिंदी लिहिते.

पद्मजाबाईंची आमच्या वॉर्डातून बदली झाली. का झाली, हे आत्तापर्यंत कुणी बोललं का? नाही ना? मग मीच सांगते.

मोर्चातल्या जखमी बायांचा सत्कार करायला मंडळ वॉर्डात आलं. हार, कुंकू, देवीचा अंगारा. बकुळाने माझी पट्टी उचलली, "अगो बाये, केवढं लागलंय," म्हणत जखमेला अंगारा लावला. शेजारच्या खाटेवर आपली चंपा, अपेंडिक्स काढलेली. त्याच बोटाने तिच्या टाक्यांनाही लावला. माया होती, मी कुठे नाही म्हणते? पद्मजाबाई धावत आल्या. "हात धुतलेत का?" बकुळा म्हणाली, "आम्ही काय गटारातून आलो?" बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. मंडळाने लगेच मोठ्या डॉक्टरांकडे अर्ज ठोकला, की सिस्टर महाराष्ट्रद्रोही आहे, तिची बदली करा.

माझ्या नडगीत आधीच पू होता. चंपाचे टाके कोरडे होते, ती घरी निघाली होती. आता तापाने फणफणली आहे, टाके उकललेत. पद्मजाबाई सांगतात, हे जंतू परमुलखातून येत नाहीत. आपल्याच कातडीवर, नाकात राहतात. धडधाकट माणसाला छळत नाहीत, उघड्या जखमेत शिरले की माजतात. पेनिसिलीनलाही हल्ली जुमानत नाहीत. मुंबई मिळवायला निघालेल्या आपण बाया, आपल्याला साबणाची वडी मिळेना?

आणि तीच मंडळी आज बाईंना शाल घालणार. शाल घेऊन त्यांनी करायचं काय? नाना, अर्जावर पहिली सही तुमची. उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांना भेटा, अर्ज मागे घ्या. चंपाला या बाई हव्यात. तिच्या पोराबाळांना मी काय सांगू?

मला बोलू दिलंत, उपकार झाले. म्हातारीच्या जिभेने कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. अर्ज मात्र मी पोटात घालणार नाही.

आणि डब्यात चंपाला नि मला उकडलेली अंडी पाठवा. सोलू नका. आम्ही हात धुऊन सोलू.