मामा निवडून येता येता वाचला

हसू नका गा, माझा मामा खरोखर अर्धा तास खासदार होता! मामा म्हणजे जरीपटका वस्तीतला रिटायर्ड क्लार्क. नळाच्या तक्रारीले कोणी उत्तर देईना, म्हणून रागाच्या भरात लोकसभेच्या पोटनिवडणुकीत अपक्ष उभा राहिला. निकालाच्या दिवशी टीव्ही लावून पाहतो तं मामाच आघाडीवर! गल्लीत ढोल सुरू, मामी दिल्लीच्या थंडीसाठी स्वेटर शोधून राहिली, अन् मामा पांढराफटक होऊन पलंगावर.

"काहून घाबरले गा मामा?" मी विचारलं.

"अबे, मले संसदेत बोला लागन ना! मी ऑफिसातही कधी तोंड उघडलं नाही!"

तेवढ्यात टीव्हीवाल्यांनी माफी मागितली. सारख्या नावामुळं घोटाळा झाला होता. आघाडीवर दुसराच होता, अन् आमचा मामा शेवटून दुसरा. मामा उडी मारूनच उठला. संध्याकाळी विजयी मिरवणुकीत घुसून असा नाचला, का खुद्द नव्या खासदारानं त्याच्या गळ्यात हार घालून विचारलं, "कोणत्या वॉर्डातले कार्यकर्ते तुम्ही?"

मामा गुलालानं लालभडक, घामाघूम. हात जोडून म्हणे, "कार्यकर्ता नाही साहेब, तुमच्या विरोधात उभा होतो. तुम्ही मले पाडलं, मोठे उपकार झाले!"