दोन बाजूंचा उजेड

(फोटो स्टुडिओ. खिडकीशी लांब टेबल. त्यावर कात्री, डिंक, जुन्या फोटोंचे गठ्ठे. दुपार.)

मुलगी : नाही, दिवा नको. खिडकीच्या उजेडातच बघा.

फोटोवाले काका : बघतोय की. तूच आहेस, आठ महिन्यांची. बाबांच्या हातावर. भिंतीवरून उतरवलास कशाला?

मुलगी : आपल्या चिकटचित्रांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर घालायचाय म्हणून. जन्मात पहिल्यांदा काचेबाहेर काढला. मोठा करून पाहिला.

काका : मग झकासच. आधी हा, मग शेवाळाच्या दाढीचे आजोबा, मग चतुरावर बसून निघालेली ती नवरी...

मुलगी : काका, माझ्या नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय?

काका : उजव्या.

मुलगी : आणि बाबांच्या नाकाची?

काका : (फोटो लांब धरत) इथून नीट दिसत नाही.

मुलगी : चष्मा देऊ?

काका : जुना कागद आहे, खारूताई. डाग पडतात.

मुलगी : डाग? मला सांगताय डाग? सात वर्षांची होते मी. तुमच्या त्या गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फोटोंतल्या हवालदाराच्या डोक्यावर भूछत्र चिकटवलं होतं, टोपी म्हणून. किती खूश होते! तुम्ही ते सरळ काढून टाकलंत. काय म्हणाला होतात तेव्हा?

काका : म्हणालो असेन काहीतरी.

मुलगी : मला पाठ आहे. "हवालदारावर ऊन डावीकडून पडलंय, भूछत्रावर उजवीकडून. एका माणसावर दोन सूर्य उगवत नाहीत, पोरी." मग इथे कसे उगवले?

काका : बस जरा. पाणी घे.

मुलगी : मला पाणी नकोय. इथे बघा, कॉलरच्या वर. केसाएवढी रेघ आहे. रेघेवर ब्रशनं राखाडी रंग भरलाय, बारीक बारीक ठिपके देत. असे ठिपके या गावात एकच माणूस देतो. त्यानंच मला शिकवले.

काका : ...हो. माझेच आहेत.

मुलगी : बाबांचं डोकं चिकटवलेलं आहे.

काका : हो.

मुलगी : नुसतं "हो"? मी आजोबांना दाढी लावते शेवाळाची. बाईच्या अंबाड्यात सुगरणीचं घरटं ठेवते. बघणाऱ्याला कळतं हो, की ही गंमत आहे! हे गंमत म्हणून केलं होतंत का?

काका : नाही. हे गंमत म्हणून नव्हतं केलं.

मुलगी : मग मला धरलंय कुणी? हे हात कुणाचे आहेत?

काका : माझे. आई तुला घेऊन फोटोला आली होती. खुर्चीत ठेवलं की तू भोकाड पसरायचीस. तीन वेळा ठेवलं, तीन वेळा तेच. शेवटी मी उचललं, आणि बटण तुझ्या आईनं दाबलं. तो फोटो खरा होता, बाई. तू आणि मी. चार वर्षं पाकिटात पडून होता.

मुलगी : मग?

काका : मग तू बोलायला लागलीस, विचारायला लागलीस. बाबांनी मला घेतलं होतं का? कडेवर, का खांद्यावर? एका जागी बसून रडायचीस. तुझी आई इथे आली, याच टेबलाशी. हातात त्याचा एक फोटो, लग्नाआधीचा. म्हणाली, दादा, हिला बाप करून द्या.

मुलगी : आणि तुम्ही दिलात.

काका : स्वतःचंच डोकं कापून त्याचं लावलं.

मुलगी : विनोद नकोय मला.

काका : विनोद नाही करत.

मुलगी : आणि एवढा मोठा कारागीर, त्याला उजेड जुळवता आला नाही? त्यांचा फोटो उलटा छापला असता तर सावली बरोबर पडली असती. हे मी दहाव्या वर्षी करत होते.

काका : आधी तसाच केला होता. उलटा छापला की भांगही दुसरीकडे जातो. तुझ्या आईनं बघितलं आणि बाजूला सारला. हा तो नाही, म्हणाली. मी म्हटलं, एवढ्याशा पोरीला काय कळणार? तर म्हणाली, मला कळतंय ना. मग सुलटा लावला. उजेड चुकला तो तिथे.

मुलगी : एकोणतीस वर्षं मी त्या हातांकडे बघून झोपलेय. परीक्षेला जाताना त्या बोटांना काचेवरून बोट लावून गेलेय. इथूनच जायचे पुढे, तुमच्या दुकानावरून. तुम्ही हात हलवायचात. हेच हात!

काका : माहीत आहे.

मुलगी : तुम्हाला सगळंच माहीत आहे. मग हेही सांगा. मी सहा महिन्यांची असताना ते तापानं अंथरुणाला खिळले, मला पोटाशी धरून एक फोटो काढायचा म्हणून दोन महिने कसेबसे जगले, मग गेले. हे मला सांगितलंय. यातलं डोकं कुणाचं, धड कुणाचं?

काका : ते आईला विचार.

मुलगी : तिला बोलावलंच आहे मी. येईल इतक्यात. आधी तुम्हाला विचारते. ताप आला होता का त्यांना?

काका : नाही.

मुलगी : मग कशानं गेले?

काका : पायानं गेला. तुझा जन्म व्हायच्या महिनाभर आधी. दुसरं घर होतं त्याचं.

मुलगी : ...म्हणजे जिवंत आहेत.

काका : आत्ताचं माहीत नाही.

मुलगी : मग कधीचं माहीत आहे?

काका : खारे, आज एवढं पुरे कर.

मुलगी : कधीचं माहीत आहे, काका?

काका : अकरा वर्षांपूर्वी आला होता. या खुर्चीत बसला होता. पासपोर्टचा फोटो हवा होता, घाईचा. मला ओळखलं नाही त्यानं. मी ओळखलं.

मुलगी : अकरा वर्षांपूर्वी. म्हणजे मी बावीसची. मी रोज इथेच असायचे.

काका : होतीस.

मुलगी : त्या दिवशी?

काका : मागच्या खोलीत. त्या जुळ्या बहिणींना बगळ्यांचे पाय लावत होतीस. गुणगुणत होतीस. त्यालाही ऐकू येत होतं.

मुलगी : आणि तुम्ही?

काका : हनुवटी जरा वर करा, म्हटलं. फोटो काढला.

मुलगी : दार तरी उघडं होतं का मधलं?

काका : मीच लोटलं.

आई : (दारातून आत येत) कोण आला होता, दादा?

मुलगी : ये, आई. अगदी वेळेवर आलीस.

आई : दादा, मी काहीतरी विचारलं. कुणासाठी दार लोटलंत?

काका : तुम्ही बसा आधी.

आई : तो आला होता? या दुकानात? आणि तुम्ही संध्याकाळी आमच्याकडे येऊन चहा पिऊन गेलात? त्याही दिवशी?

काका : त्याही दिवशी.

मुलगी : तुला नाही सांगितलं त्यांनी? बघ. मला वाटत होतं, तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटी एका बाजूला.

आई : असं बोलू नकोस गं.

मुलगी : मग कसं बोलू? मेलेल्या माणसासाठी रडायला तूच शिकवलंस मला. तो तिकडे हनुवटी वर करून फोटो काढून घेत होता!

आई : गेला म्हटलं तर तू विचारणार, का गेला. त्याला मी नको होते, की माझी पोर नको होती? काय सांगणार होते? मेला म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. आधी एका दिवसापुरतं सांगितलं, मग वर्षांचं झालं, मग मोडता येईना. बाळा, तुझ्या डोळ्याला पाणी नको म्हणून सांगितलं, ते माझ्याच डोळ्यातून गेलं.

मुलगी : गोड बोलतेस तू, आई. खोटंही गोड बोललीस. ताप, दोन महिने, पोटाशी धरलं... मी वर्गात निबंध लिहिला होता त्यावर. बाईंनी सगळ्यांना वाचून दाखवला होता.

आई : मी दाराबाहेर उभी होते.

मुलगी : आणि ऐकलंस?

आई : शेवटपर्यंत.

काका : त्यांच्यावर नको काढूस. फोटो मी केला, दारही मीच लोटलं. मला वाटलं, तू मागे मजेत गाते आहेस. हा माणूस एकदा तुला बघणार, पैसे देणार आणि पुन्हा निघून जाणार. एकदा गेलेला तुला कळला नव्हता, दुसऱ्यांदा जाताना मी तुला का दाखवू?

मुलगी : ते मी ठरवायचं होतं. बावीस वर्षांची होते, काका. आठ महिन्यांची नव्हते.

काका : हो. ते तू ठरवायचं होतंस.

आई : दादा, काही विचारलं का त्यानं? कुणाबद्दल?

काका : समोर हिचं चित्र लावलं होतं, माशाच्या टोपलीत झोपलेला न्यायाधीश. ते बघून हसला. छान आहे, म्हणाला. कुणी केलं, ते नाही विचारलं.

आई : बरं.

मुलगी : छपाईवाल्यांना मी फोन करते. हा फोटो जाणार नाही. त्याखाली 'बाबांना' म्हणून लिहिलेलं अर्पणाचं वाक्यही नाही.

काका : माझं नावही काढून टाक पुस्तकावरून. मी काही म्हणणार नाही.

मुलगी : नाव राहू दे. भूछत्रं तुमची, बगळे तुमचे, जुनी माणसं तुमच्या कपाटातली. मला आणखी खोटं छापायचं नाही.

आई : घरी चल. माझ्यावर ओरड, भांडी आपट, काय करायचं ते कर. पण घरी चल.

मुलगी : तू हो पुढे. मला आज त्या भिंतीसमोर बसवणार नाही.

काका : खारूताई, एवढंच सांगतो. त्या फोटोत तुला गप्प करायला कुणी काही केलं नव्हतं. मी उचललं आणि तू रडायची थांबलीस. तेवढं मी कुठून आणून लावलेलं नाही.

मुलगी : आठ महिन्यांची होते मी. तेव्हा मला माणसं ओळखता येत नव्हती.