लिबनक्षीला व्यंकटचं नाव का देता येत नाही

राजेशम काका, घरची मंडळी, आणि आज कारखान्याला सुट्टी टाकून व्यंकटच्या शोकसभेला आलेल्या शहराच्या पूर्व भागातल्या सगळ्यांनो,

मी इर्शाद. व्यंकटबरोबर काम करणारा. बोलायला उभा राहिलोय खरा, पण जे बोलायचंय त्याची लाज वाटते. आत्ता अध्यक्ष म्हणाले, व्यंकटच्या कामाला व्यंकटचंच नाव द्या. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. वडील म्हणून काकांनीही हलवली. आणि मला नाही म्हणायचंय.

तो काय करायचा ते आधी सांगतो. तुमच्या मागावर चादरीची नक्षी कॉम्प्युटरवरून उतरते. ती उतरवणारे प्रोग्रॅम वेगवेगळे, पण नक्षी वाचायचं काम सगळ्यांसाठी एकच लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. एकानं लिहायचं, सगळ्यांनी वापरायचं, असं ते सामायिक काम. व्यंकटनं ते लिहिलं. कारखान्यांसाठी आम्ही प्रोग्रॅमचा जो फुकटचा संच वाटतो त्यात ते असतं. नाव लिबनक्षी-२, लिब म्हणजे लायब्ररी. पुढं नवे माग आले, काम करायची रीत बदलली, तेव्हा लिबनक्षी-३ आलं. पण दोन काढलं नाही. एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही नांदतात. जुना माग दोनला हाक मारतो, नवा तीनला.

हा आकडा नावात का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "आतली रीत बदलली की नाव बदलायचं. नाव तेच ठिवून आत दुसरं घातलं, तर माग मुकाट्यानं चुकीचं विणतो की. आणि रीत बदलली न्हाय, तर नावाला हात लावायचा न्हाय. माग त्या नावानंच शोधतो. सापडलं न्हाय तर बंद पडून उभा राहतो."

बस्स. लायब्ररी कशाची आणि कितवी, एवढंच नावात. माणसाचं नाव नाही. बार्शीचे एक व्यापारी आले होते. पैसे देतो म्हणाले, आमच्या दुकानाचं नाव घाला. व्यंकटनं चहा पाजला आणि सांगितलं, तुमचं नाव टॉवेलच्या काठावर विणा की शेठ, तितं शोभतं. ते तडक उठून गेले. मी लई हसलो होतो. आज तोच नियम काकांना सांगायचाय. आज हसू येत नाही.

पण लाज त्याची नाही वाटत. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे.

लायब्ररी ज्या पॅकेजमधून, म्हणजे गठ्ठ्यातून, तुमच्याकडं येते त्यात माणसाचं नाव एकाच ठिकाणी असतं. याचं बघतो कोण, त्या ओळीत. काही बिघडलं की तक्रार त्या माणसाच्या फोनवर जाते. तिथं व्यंकटचं नाव होतं. त्याला स्मशानात पोचवून आलो आणि दुसऱ्याच दिवशी अक्कलकोट रोडवरचे माग अडले. तक्रारी त्याच्या फोनवर जात राहिल्या. फोन घरी. काकांच्या हातात. मला वाटलं, दुःखात त्यांना कशाला हा ताप? मी ती ओळ बदलली. त्याचं नाव काढलं, माझं घातलं.

त्याचं दहावंसुद्धा झालं नव्हतं, मंडळी.

आणि खरं सांगू? तिथं माझं नाव दिसलं तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. इतकी वर्षं त्याच्या मागं दुसरा होतो ना. मित्राची राख थंड झाली नाही आणि मला बरं वाटलं. हे मी घरीसुद्धा बोललो नाही. माग सुरू झाले, सगळ्यांनी माझे आभार मानले. ते आभार मी घेतले.

परवा काकांकडं गेलो. फोन चार्जिंगला लावलेला होता. काका म्हणाले, "त्याचा फोन वाजत हुता, इर्शाद. कुणीतरी त्याला शोधतंय, असं वाटत हुतं. आता वाजत न्हाय."

बिघडला असेल म्हणालो. चहा घेतला आणि निघून आलो.

काका, फोन बिघडलेला नाही. वाजायचा मी बंद केला. काम म्हणून बघितलं तर ते बरोबर होतं. व्यंकटनंही तेच केलं असतं. पण त्यानं आधी येऊन तुम्हाला विचारलं असतं. मी विचारलं नाही. मला माफ करा असं म्हणायचीही माझी हिंमत नाही.

ती ओळ मी परत बदलू शकत नाही, तक्रार ऐकायला जिवंत माणूस लागतो. लिबनक्षीला त्याचं नावही देऊ शकत नाही, नाहीतर उद्या तुमचेच माग उभे राहतील. मग माझ्या हातात राहतं काय?

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू. त्यानंतर लगेच बाहेर पडू नका. मी त्याचं नाव घेईन, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. व्यंकटेश राजेशम गड्डम. माझ्या मागून तुम्हीही मोठ्यानं घ्या. ते पुसलं मी, तेव्हा पहिल्यांदा घ्यायचंही मीच.

काका, तुम्ही उठू नका. तुम्ही नुसतं ऐका.