दुसऱ्याचं नाक

यडी मीच वो विहीणबाई — नवऱ्याच्या नाकावर नातवाले भेटाले आली! हसा, हसा, मास्कच्या आत हसून राह्यल्या तुम्ही, डोळ्यावरून समजते मले. पायरीवर खोकला आला नसता नं, तर सांगितलंच नसतं — काल जावयाले, सागररावले, मोबाईलवर पट्टीचा जो फोटो धाडला, एका रेघेचा, म्हंजे बिमारी नाई असा, त्या तपासणीत नाक माहं नव्हतंच, प्राचीच्या बापाचं होतं. घ्या. झालं समाधान? आता माह्या खऱ्या नाकात काडी घातली तुम्ही, पट्टी ठेवली दोघींच्या मधात, म्हणे पंधरा मिनिटं ओट्यावर बसा — बसली. वडनेरहून चिखलीपर्यंत जीपा बदलत आली, मांडीवर डिंकाच्या लाडवाचा डबा, अन् जागा भेटली कुठं, तर चपलांपाशी. मुलीची माय नं मी, शोभते.

पण मी लबाड नाई हं. तुमच्याकडून आलेल्या दोन पट्ट्या होत्या, पहिली माह्याच नाकाची केली. आता रोज सकाळी कोमट तूप सोडते मी नाकात, दोन दोन थेंब, सासूनं लावलेली सवय — काडी आत काय फिरन, घसरूनच राह्यली, अन् पट्टीवर एकही रेघ नाई! कोरी! कोऱ्या पट्टीचा फोटो धाडला असता तर जावई म्हणले असते, सासूले नाकच नाई. मंग हे दारात मिरच्या निवडून राह्यले होते, म्हनलं मान वर करा जरा. केली. पंचवीस वर्षांत या माणसानं ‘काऊन’ म्हणून विचारलं नाई कधी — शिंकले तेवढे, रेघ आली एक, काढला फोटो. आज मातर तूप नाई सोडलं हं, सकाळी घाईच होती.

पण थाट पाहा नं तुमचा! साबण वेगळा, टॉवेल वेगळा, दाराले विहीणबाई पहारेकरी. अन् हे पट्टीचं खूळ — पंधरा मिनिटात सांगते म्हणे सर्दी कोणत्या जातीची! सर्दी ते सर्दी, काढा प्या, झोपा. पंचांगवालाही याच्यापेक्षा जास्त वेळ घेते खोटं सांगाले. पहिलं बाळंतपण माहेरी होते, ही जगाची रीत; पोरीले आठव्यातच कळा आल्या, थे काही तुमच्या हातात नव्हतं, मान्य. बारा दिवस लेकरू काचेच्या पेटीत, मी काचेतून पाह्यलं — मुठी आवळून झोपलं होतं, जसं कोनाशी भांडाले आलं. आता घरी आणलं तरी हात लावू देत नाई तुम्ही. आमच्याकडं नाई बाई असं! लेकरू झालं की आख्खी आळी येते, मांडीवर घेते, मुके घेते, कोनी दार लावत नाई, अन् कोनाले काही —

काही नाई.

काऊन पाहता अशा? प्राचीच्या आंधी एक होता मले. तिले सांगू नका, तिले एवढंच माहीत आहे का कोनी होता. वीस दिवसाचा. सगळ्यांनी घेतला, सगळ्यांनी मुके घेतले, कोन खोकलं, कोन नाई, कोन ध्यान ठेवते? त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याची छाती उडाले लागली, दूध धरे ना. माही सासू म्हणे नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवल्या. मीच तर हसत हसत देत होती एकेकीच्या मांडीवर — घ्या, घ्या, घेऊन तं पाहा. दारात बसाले कोनी नव्हतं तवा. तुमच्यासारखं खडूस.

जाऊ द्या. मीच काहीबाही बोलून राह्यली, अन् घड्याळ तुमच्या हातात. झाले असतीन पंधरा. द्या इकडं ती पट्टी — एक आहे, पाहा, ठळक एक — अन् खाली हे फिक्कं, हे काही रेघ नाई, सावली आहे, माह्या हाताची सावली — हात काढला तरी — बाई, तुम्ही पाहा बरं एकदा, माह्या डोळ्याले चष्मा नाई...

“दोनच आहेत. पाळणा खिडकीपाशी आणते, पुष्पांजलीताई. तुम्ही रस्त्यावरून पाहा.”