बिनवाटणीचा गुच्छ

मोठे काका! दुसरं कोणी नाही, फुलवाला नाही, सुपरवायझर नाही, नशीब तर मुळीच नाही, उगाच त्या बिचाऱ्या नशिबाला कशाला मध्ये ओढायचं... सगळा दोष मोठ्या काकांचा, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय, फोनवर का होईना पण सांगितलंय, आता त्यांनी मध्येच फोन काकूंच्या हातात कोंबला त्याला मी काय करू? अहो, फुलंच पाठवली होती हो मी! फुलं! घरावर रणगाडा नव्हता पाठवला!

तुम्हाला सांगतो, आधी हा माणूस समजून घ्या. मोठे काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू, वजनमापे खात्यातून निवृत्त. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले, मग तराजू संपले आणि आम्ही उरलो! आमच्या घराचा कायदा एकच, 'घरात आली ती वस्तू सगळ्यांची.' सफरचंद आलं की काका सुरी घेऊन बसणार आणि अशा फोडी पाडणार, अशा, की एक फोड डोळ्यांसमोर धरावी आणि पलीकडचं वर्तमानपत्र वाचून काढावं. पंख्याखाली कोण किती वेळ बसणार तेही ठरलेलं. आणि वाढदिवस... हे ऐकाच! 'प्रत्येकाचा वेगळा केला तर एकाचा मोठा होतो, एकाचा छोटा होतो, मनं दुखावतात,' म्हणून आमच्याकडे सगळ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी. कोणत्या दिवशी? काकांच्या वाढदिवशी! घ्या! ही समानता! तराजूची दांडी सरळ, फक्त काटा स्वतःकडे!

आता या घरात माझी आई धाकटी सून. म्हणजे फोडी वाटून झाल्या की मधला भाग आईचा. बियांसकट. आणि ती तोही गोड मानून खाणार, वर म्हणणार, 'मला मधलाच आवडतो.' कोणाला आवडतो हो मधला भाग? आयुष्यात तिला म्हणून एक वस्तू या घरात आली नाही. नाही, खोटं कशाला बोलू, एक आली... मी. मी कॉलेज सोडलं ना, तेव्हा पहिल्यांदा घरातली एक गोष्ट वाटली गेली नाही! पहिला आलो असतो तर आमचा वंश, आमचं वळण, काकांचा हात डोक्यावर. सोडलं म्हटल्यावर रोज जेवताना काकांचा भिंतीशी संवाद, 'धाकटीच्या चिरंजिवांची काय खबर?' धाकटीच्या! आणि आई मान खाली घालून वाढतेय. बाबा? बाबा वर्तमानपत्रात. बाबांना तुम्ही घराला आग लागली म्हणून सांगा, ते म्हणतील, 'कुठल्या पानावर?'

म्हणून मी ठरवलं. शहरात आलो, गोदामात चिकटलो, दिवसभर लोकांच्या खोक्यांना चिकटपट्टी मारायची, अख्ख्या दुनियेला कोणी ना कोणी काही ना काही पाठवतंय आणि मी नुसता पट्टी मारतोय. तेव्हा म्हटलं, आईचा खरा वाढदिवस येतोय, तो मला मामानं एकदा सांगितला होता म्हणून ठाऊक, तर त्या दिवशी तिला एक तरी गोष्ट अशी मिळाली पाहिजे जी तिची आणि फक्त तिची. तिचीच! फुलं! आता फुलात वाटण्यासारखं काय असतं, सांगा तुम्ही!

आमच्या गावात फुलवाला एकच. लावला फोन.

'बोला. लग्न आहे की कोणी गेलं?'

'वाढदिवस आहे.'

तर म्हणतो, 'गाडी सजवायचीय?'

'गाडी नाही हो, आई!'

'आईला सजवायचंय?'

'गुच्छ! गुच्छ द्यायचाय आईला! हिरव्या फाटकाचं घर, चौकातून आत—'

'वजनमापेवाले? म्हणजे तू तो... कॉलेज सोडलेला!' बघा, गावाची पत्ते सांगायची पद्धत! 'पण काय रे, तुमच्याकडे वाढदिवस तर काकांचाच असतो ना?'

गावाला ठाऊक! फुलवाल्याला ठाऊक! मी म्हटलं, लाल गुलाब द्या, चांगले भरगच्च, तर म्हणाला काळजी करू नकोस, मी स्वतः नेऊन देतो. आणि दिला हो नेऊन, शब्दाचा पक्का माणूस, पण दार कोणी उघडलं? मोठ्या काकांनी!

संध्याकाळी आईला फोन केला. 'मिळाली का फुलं?'

'मिळाली की! किती सुंदर रे! सगळ्यांना आवडली.'

'सगळ्यांना म्हणजे?'

'म्हणजे... भाऊजींनी सगळ्यांना एकेक दिलं.'

तुम्हाला सांगतो, या माणसानं टेप आणली! मोजायची टेप! गुच्छ सोडला, देठ एका मापाचे कापले, कोणाचं फूल उंच नको म्हणून, आणि घरात वाटले, एक काकूंना, एक त्यांच्या लेकीला, एक माडीवरच्या भाडेकरूला, एक बाबांना... बाबांनी ते वाचत होते त्या पानात खूण म्हणून घातलं! रिबिनीचेसुद्धा तुकडे! म्हटलं, 'आई, आणि तुला?'

'मला पण दिलं होतं, पण नेमकी काकूंची भाची आली होती, एक कमी पडत होतं... मग दिलं मी माझं. पण तो वरचा चकचकीत कागद आहे ना, तो मला मिळाला. घडी घालून ठेवलाय. उपयोगी पडेल.'

कागद! जिचा वाढदिवस तिला कागद! अहो, फुलंच पाठवली होती हो मी, त्याचं रेशन दुकान करून ठेवलं या माणसानं!

डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी परत फुलवाला. म्हटलं, तस्साच गुच्छ, आणि आता सोबत चिठ्ठी, लिहा, 'फक्त आईसाठी. वाटायचा नाही.' तो म्हणाला, ठळक लिहितो. आणि त्यानं ठळक म्हणजे... लग्नाच्या गाडीला मागे लावतात ना तो पुठ्ठा, नवरा-नवरीच्या नावाचा, त्याच्या पाठीमागे हातभर अक्षरांत लिहिलं, आणि छातीशी धरून चौकातून चालत गेला! अर्धं गाव वाचत मागे! काका फाटकात उभे. वाचलं. आणि पुढच्या मिनिटाला गोदामात माझा फोन वाजला.

'तुला वेगळं व्हायचंय ना?'

'काय?'

'आईच्या आडून बोलू नकोस! वाटणी हवी तर समोर येऊन माग!'

'काका, गुच्छ आहे तो!'

'आज गुच्छ म्हणतोस, उद्या मागची खोली म्हणशील! "फक्त"! या घरात हा शब्द आजपर्यंत कोणी काढला नव्हता!'

खरंय, नव्हताच काढला! मागून काकूंचं रडणं, 'मला आधीच वाटलं होतं! शेगडी कोणाकडे जाणार? मोठी कढई तर माझ्या माहेरची आहे!' मी म्हटलं, सगळं तुमच्या त्या भेदभावाच्या भीतीमुळे चाललंय, दोष तुमचा आहे काका, शंभर टक्के तुमचा, तर फोन काकूंच्या हातात! आणि काकू मला विचारतात, 'खरं सांग, फ्रिजवर तुझा डोळा आहे का?'

माझा डोळा फ्रिजवर! अहो, फुलंच पाठवली होती हो मी!

थांबा, अजून पुढे आहे. गुच्छाला म्हणे निर्णय होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. फाटकाच्या खांबावर ठेवला, रणरणत्या उन्हात, वादग्रस्त मालमत्ता! आणि तेवढ्यात काका टेप घेऊन बैठकीची खोली मोजायला लागले. आईला विचारलं, 'बाबा काय म्हणतात?'

'वाचतायत.'

'घराची वाटणी चाललीय आणि बाबा वाचतायत?'

'त्यांच्या वाट्याला खिडकीजवळची खुर्ची आलीय. खूश आहेत.' मग जरा हळू आवाजात म्हणाली, 'फुलं मस्त होती रे. मी फाटकाकडे जाऊन बघून येत होते. आता माना टाकल्यात.'

बघून येत होती! स्वतःची फुलं, लांबून! माझं डोकंच सटकलं. गेलो सुपरवायझरकडे. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो, बोलण्याआधी गळ्यातली शिट्टी फुंकतो म्हणून.

फुर्रर्र! 'काय?'

'सुट्टी हवी. आईचा वाढदिवस.'

'कधी आहे?'

'झाला.'

फुर्रर्र! 'झालेल्या वाढदिवसाला सुट्टी? गेलास तर सांभाळून जा. मग माझ्याकडे तोंड घेऊन येऊ नकोस.'

गेलो! शहरातून गुच्छ घेतला, मांडीवर धरून बसमध्ये बसलो, शेजारचा माणूस विचारतो, 'मुलगी बघायला का?' मी म्हटलं, 'हो, पन्नाशीची आहे.' त्यानं जागा बदलली. घरी जायचं नाही हे पक्कं, उंबरा ओलांडला की फूल सार्वजनिक! म्हणून आईला बस स्टँडवर बोलावलं. ती आली. चष्म्याची काडी बसवून आणते असं सांगून, घरातल्याच चपलांवर, धापा टाकत... आयुष्यात पहिली थाप मारली बाईनं, आणि थाप खरी वाटावी म्हणून येताना चष्म्याची धडधाकट काडी मोडून आली!

बाकावर बसली. गुच्छ दिला. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे.

'सगळी माझी?'

'सगळी.'

'काकूंना एखादं—'

'आई!'

'बरं बाबा, बरं.' आणि नाक खुपसलं फुलांत, आणि... आक्छी! परत आक्छी! डोळ्यांतून पाणी, नाक लाल. 'मला गुलाबानं शिंका येतात रे. लहानपणापासून.'

'मग सांगायचं नाही?'

'मला काय आवडतं, काय सोसत नाही, विचारलं कोणी कधी?'

म्हटलं, 'दे इकडे, ठेवतो बाजूला,' तर गुच्छ असा छातीशी धरला, असा, की फुलवाल्याचा पुठ्ठा फिका पडावा! 'राहू दे! माझी आहेत ना? मग माझ्या फुलांनी मी शिंकेन, नाही तर काय वाट्टेल ते करीन!' आणि हसायला लागली. शिंकतेय आणि हसतेय, स्टँडवरची माणसं वळून वळून बघतायत, आणि मान... मान वर हो! त्या घरात इतकी वर्षं मी तिची मान एवढी वर बघितली नव्हती.

बस लागली तशी उठली आणि गुच्छ माझ्याच हातात दिला. 'घरी नेली तर परत टेप निघेल. तुझ्याकडे ठेव. पण माझी आहेत हं! कोणाला द्यायची नाहीत. एकसुद्धा!'

'एकसुद्धा नाही,' म्हटलं. शब्द दिला.

सकाळी बसमधून उतरलो तो थेट गोदामात, गुच्छासकट. शिट्टी समोर उभा. फुंकणार, एवढ्यात फुलं दिसली. शिट्टी खाली. चेहरा मऊ! तुम्हाला सांगतो, त्या चेहऱ्यावर मऊपणा म्हणजे हातोड्याला पालवी!

'मला आणलीस होय? कालचं मिटवायला?'

'नाही साहेब, आईची आहेत.'

'बरं, असू दे. एक दे, टेबलावर ठेवतो. कालचं मी विसरलो.'

एक! एकच मागितलं हो माणसानं! हात पुढे. मी फुलांकडे बघतोय, त्या हाताकडे बघतोय...

'अरे, एवढी आहेत. एक गेलं तर तिला कळणार आहे का?'

हुबेहूब मोठे काका! तोच सूर, तीच मान तिरकी! मी म्हटलं, 'वाटायची नाहीत.'

फुर्रर्र!

गुच्छ माझ्या खोलीत आहे, अंघोळीच्या बादलीत, पुरा. नोकरी गेली.